सत्त्याहत्तर टोप्या आणि एक करंडक

अखिल भारतीय आमंत्रितांच्या महिला खो-खो स्पर्धेचा समारोप टीव्हीवर पंचेचाळीस मिनिटं थेट दाखवला. त्या पंचेचाळीस मिनिटांत सगळ्यात जास्त वेळ पडद्यावर कोण होतं, तर मी. मी म्हणजे प्रेमराज बोरसे, जळगावातल्या एका महाविद्यालयाचा मुख्य लिपिक, वय त्रेपन्न, साखर काठावर. खो-खोशी माझा संबंध एवढाच की शाळेत एकदा मला पाठलागाच्या रांगेत पाटीवर बसवलं होतं, मागून 'खो' मिळाला, आणि मी उठेपर्यंत डाव संपला होता. या समारोपाला आता दोन महिने होऊन गेले. तरी जेवताना मध्येच सगळं आठवतं, घास हातातच राहतो, आणि आमची दिपमाला म्हणते, "आला का पुन्हा समारोप? भाजी निवतेय."

सुरुवात अगदी लहान कामापासून झाली. स्पर्धा समितीचे अध्यक्ष कन्हैयालाल शेठ, डाळ मिलवाले. माणूस सज्जन, आवाज मऊ, आणि समोरच्याला नाही म्हणायला जागाच ठेवत नाहीत. त्यांनी मला बोलावून सांगितलं की मैदान झालं, मुलींच्या राहण्याजेवणाचं झालं, टीव्हीवाले ठरले, आता समारोपात सत्कार कुणाकुणाचा करायचा तेवढी एक यादी राहिली आहे. तुमचं अक्षर चांगलं, आवाज चांगला, तुम्ही यादी करा आणि त्या दिवशी माइकवर वाचा. नऊ नावं त्यांनी स्वतःच सांगितली. मी ती कागदावर उतरवली आणि अर्ध्या तासात काम उरकलं म्हणून खुशीत घरी आलो.

इथे आमच्याकडच्या टोपीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. खानदेशात लग्न असो की दुकानाचं उद्घाटन, आलेल्या माणसाला टोपी, उपरणं आणि नारळ देऊन मान द्यायचा, आणि तो देताना त्याचं नाव-गाव माइकवर घ्यायचं. ही टोपी पुढे कुणी घालत नाही. आमच्याच कपाटात पन्नासेक असतील, दिपमाला त्यांतल्या जुन्या टोप्यांनी गरम भांडी उतरवते. पण मिळालेली टोपी माणूस विसरतो आणि न मिळालेली जन्मभर लक्षात ठेवतो. नवरदेव मांडवात ताटकळेल, मुहूर्त टळेल, भटजी घड्याळाकडे बघून खाकरतील, पण सुरू झालेली यादी मध्येच थांबवायची कुणाची छाती होत नाही.

मला हे अनुभवाने माहीत आहे. अकरा वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या भाचीच्या लग्नात यादी मीच वाचत होतो. घाईत दोन पानं एकदम उलटली गेली आणि चिंधा नानांचं नाव राहिलं. चिंधा नाना म्हणजे माझ्या मेहुण्यांचे, भिकनरावांचे चुलतभाऊ. ते शांतपणे जेवले, अक्षता टाकल्या, निरोप घेतला, आणि त्यानंतर अकरा वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीकडे गेलो, तोवर ते गावचे सरपंच झाले होते. पारावर मला बघून त्यांनी आपणहून विचारलं, "कव्हय उना रे?" कधी आलास, एवढंच. पण ते तीन शब्द ऐकायला मला अकरा वर्षं लागली होती. त्याच दिवशी मी ठरवलं की यापुढे माझ्या यादीतून कुणाचंही नाव गळणार नाही.

ही जी बहीण, तिचं नाव भिकुबाई. आम्ही तिला अक्का म्हणतो. दोंडाईचाजवळच्या खेड्यात ती राहते, आणि तिची धाकटी मुलगी नूतन ही याच स्पर्धेत खानदेश संघाची कर्णधार होती. हे मी मुद्दाम उशिरा सांगतोय असं समजू नका. यादी करताना मी स्वतःच ते विसरलो होतो, पण ते पुढे येईल. स्पर्धेच्या आठवडाभर आधी अक्का मिरच्या वाळत घालताना गच्चीच्या पायरीवरून घसरली आणि पाय मोडून बसली. तिचा फोन आला तेव्हा तिला पायाचं काहीच नव्हतं.

"भाऊ, मन्हा पाय पलस्तरमां शे. मी काही येवाव नही. टीव्हीवर तरी माले आंडेर दिसी ना?"

आमच्याकडे आंडेर म्हणजे मुलगी, शे म्हणजे आहे. मी म्हटलं, दिसी ना अक्का. बरोबर पाच पंचेचाळीसला टीव्हीच्या म्होरे बस, हालू नको. नूतनच्या हातात करंडक देतील आणि ती तुझ्याकडेच बघेल. मग मी नूतनला बोलावून शिकवलंसुद्धा की करंडक हातात आला की तो वर उचलायचा आणि डाव्या हाताच्या कॅमेऱ्याकडे बघायचं, तिथे तुझी आई आहे असं समजायचं. पोरीने तीन वेळा रिकामे हात वर करून मला सराव करून दाखवला.

आता यादीकडे वळू. नऊ नावं घेऊन मी घरी आलो त्या संध्याकाळी शेजारच्या सुलक्षणावहिनी आल्या. स्वागतगीत त्यांच्या महिला मंडळाचं होतं, त्यामुळे त्यांचं नाव आलं. त्यांचं आलं म्हणून पेटी वाजवणाऱ्या बाईंचं आलं. मैदानावर पाण्याचा टँकर देणारे आले, मांडववाले आले, मुलींच्या गुडघ्यांना मलम लावणारे डॉक्टर आले, आणि त्या डॉक्टरांच्या समोरच दवाखाना असलेले दुसरे डॉक्टर, त्यांनी काही लावलं नव्हतं, पण एकाला टोपी आणि समोरच्याला नाही असं कसं करणार? शिवाय सत्कार कुणाच्या तरी हस्ते व्हावा लागतो. ज्याच्या हस्ते होतो त्यालाही रिकाम्या हाताने पाठवता येत नाही. यादी तेवीसवर गेली.

मग समितीच्या लक्षात आलं की काही अधिकारी येणार आहेत, तेव्हा नावांचा क्रम एका सरकारी कार्यालयातून तपासून घ्यावा. मी गेलो. पहिल्या दिवशी कळलं की साध्या कागदावर चालत नाही. दुसऱ्या दिवशी छापील अर्ज नेला, तर दोन प्रती हव्या होत्या. तिसऱ्या दिवशी क्रम ठरवणारे साहेबच रजेवर. चौथ्या दिवशी साहेबांनी यादी दोन वेळा वाचली, माझ्या अक्षराचं कौतुक केलं, आणि हिरव्या शाईने स्वतःची अठरा नावं खाली जोडून दिली. मी स्वतः कारकून आहे, मला कागदाचा राग येत नाही. तरी त्या हिरव्या शाईकडे बघून मी जिन्यातच बसलो.

घरी आलो तेव्हा गल्लीत बातमी पोचलेली होती. माझ्या हाताने टीव्हीवर लोकांना टोप्या पडणार, हे कळल्यापासून ज्यांनी वर्षानुवर्षं मला नुसती मान हलवली होती ते घरी येऊन बसायला लागले. कुणी टोपी मागितली नाही, हे मला नमूद केलं पाहिजे. ते नुसते यायचे, चहा घ्यायचे, मैदानाला आपण काय काय मदत केली ते सांगायचे, आणि उठताना म्हणायचे, "आमचं काही नाही भाऊ, आम्ही तर घरचेच." घरच्या माणसाला वगळणं तर फारच वाईट. अशी यादी सत्त्याहत्तरवर जाऊन थांबली, आणि तीही टोप्यांचं गाठोडं संपलं म्हणून.

सावध करणारा माणूस एकच निघाला, आमच्या समोरचे रुपचंद आबा. आबा भुसावळहून रेल्वेचे गार्ड म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या खिशात अजून घड्याळ असतं आणि ते जेवायलाही वेळेवर बसतात. त्यांनी यादी खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, टीव्हीवाल्यांनी सत्काराला किती मिनिटं दिलीत? मी म्हटलं, सहा. आबा म्हणाले, एकाला अर्धं मिनिट धरलं तरी साडेअडतीस मिनिटं होतात, प्रेमराज, तुझी गाडी चुकणार. मला ते फार लागलं. बावीस वर्षं मी परीक्षेच्या बैठकव्यवस्था लावतोय, मला वेळेचं शिकवता? मी त्यांना ताडकन सांगितलं की समारंभ म्हणजे मालगाडी नव्हे. आबांनी फक्त घड्याळाला किल्ली दिली. त्यांचं नाव यादीत सेहेचाळिसावं होतं. ते त्यांनी बघितलं होतं का, हे मला आजही माहीत नाही.

तरी मनात शंका नको म्हणून मी घरी तालीम केली. दिपमालाला स्टूलवर बसवलं. टोपी, उपरणं, नारळ, नमस्कार, पुढचा. अकरा सेकंद. पुन्हा केलं, अकराच. सत्त्याहत्तर गुणिले अकरा म्हणजे चौदा मिनिटं आणि वर थोडी सेकंदं. करंडकाला पुष्कळ वेळ उरत होता. दिपमाला स्टूलवरून म्हणाली की तिने मुद्दाम डोकं हलवलं नाही, लोक हलवतील. मी लक्ष दिलं नाही. टीव्हीचा जो दिग्दर्शक होता, नवीन नावाचा, शांत, दाढीवाला, त्याने सकाळी विचारलं, "सत्कार पाच-सहाच आहेत ना सर?" मी म्हटलं, थोडेसेच आहेत. माझी जीभ अडखळली नाही, याचा मला अजून धक्का बसतो.

अंतिम सामना चार वाजता सुरू झाला आणि तो कसा झाला हे मी नीट सांगू शकत नाही, कारण शेवटची दोन मिनिटं मी डोळे मिटून होतो. उघडले तेव्हा एका गुणाने आम्ही मागे होतो आणि नंतर बरोबरीत. शेवटच्या काही सेकंदांत नूतनने खांबाजवळ असा सूर मारला की ती जमिनीवर आडवी पडली आणि पडता पडता तिच्या बोटांनी समोरची गडी टिपली. शिट्टी झाली. एका गुणाने खानदेश जिंकला. शेजारी बसलेल्या एका अनोळखी माणसाने मला उचललं. कन्हैयालाल शेठ रडत होते. पोरीच्या कोपराला, गुडघ्याला सगळीकडे माती, आणि ती उठून आधी हरलेल्या कर्णधाराला मिठी मारायला गेली. माझ्या आयुष्यात मला एवढा आनंद झाल्याचं आठवत नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात झाला होता, पण तिथेही यादी लांबली होती.

सव्वापाचला समारोपाचं थेट प्रक्षेपण सुरू झालं. स्वागतगीत, दीपप्रज्वलन, एक भाषण, सगळं घड्याळाप्रमाणे. पाच एकतीसला मी माइक घेतला. समोर कॅमेऱ्यावर लाल दिवा होता आणि पंधरा मुली करंडकासाठी मंचाच्या डाव्या पायरीशी रांगेत उभ्या होत्या, सगळ्यात पुढे नूतन. मी पहिलं नाव घेतलं.

पहिल्याच पाहुण्याचं डोकं मोठं निघालं. टोपी बसेना. ती काढून दुसरी आणली, तीही बसेना, शेवटी ती नुसती वर ठेवली आणि ते मान न हलवता चालत गेले. दुसऱ्या पाहुण्यांनी फोटो निघेपर्यंत नारळ सोडला नाही. फोटोग्राफर खाली वाकून फिल्म भरल्यासारखं काहीतरी करत होता. तिसऱ्यांनी, आणि इथे माझा हिशेब साफ कोलमडला, आपल्या गळ्यातलं उपरणं काढून सत्कार करणाऱ्याच्या गळ्यात घातलं. आमच्याकडे ही रीत आहे. कुणी मान दिला तर तो परत द्यायचा. मी बावीस वर्षं हे बघत आलोय आणि तालमीत नेमकं हेच विसरलो. मग चौथ्याने, पाचव्याने, सगळ्यांनी तेच केलं. एका सत्काराचे दोन होत होते. त्यातच कन्हैयालाल शेठना प्रेमाचं भरतं आलं. त्यांनी माइकवर सांगितलं की एवढी मेहनत करणाऱ्या प्रेमराजभाऊंचा मान पहिला, आणि मला टोपी, उपरणं, नारळ देऊन मंचाच्या मधोमध उभं केलं. यादी माझ्या हातात असल्यामुळे नारळ काखेत धरून मी पुढची नावं वाचू लागलो. त्या अवस्थेत मी पुढचं सगळं प्रक्षेपण काढलं, हे मला नंतर रेकॉर्डिंगमध्ये दिसलं.

पाच पंचेचाळीसला मी चोविसाव्या नावावर होतो.

मी डावीकडे पाहिलं. नूतन हातावर हात घासत उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच जमिनीकडे बघितलं. अक्का टीव्हीसमोर बसली असेल. भिकनरावांनी टीव्ही ओट्यावर आणून ठेवला होता आणि सगळी गल्ली अक्काभोवती जमली होती, हे मला दुपारीच फोनवर कळलं होतं. मी नावं भराभर वाचायला लागलो. पण मी भराभर वाचलं म्हणून माणसं भराभर चालत नाहीत. उलट आपलं नाव घाईत घेतलं म्हणून एक जण परत माइकपाशी आले आणि पदासकट पुन्हा घ्यायला लावलं.

पाच छप्पनला नवीनने कॅमेऱ्याच्या मागून चार बोटं दाखवली. मग हात जोडले. मग गळ्यापाशी आडवा हात फिरवला, म्हणजे बंद करा. मी त्रेचाळीसवर होतो. आता काय करायचं ते मला लख्ख दिसत होतं. कागद घडी करायचा, नूतनला वर बोलवायचं. चौतीस जण नाराज झाले असते, मेले नसते. पण माझी नजर खालच्या नावांवर गेली. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस रुपचंद आबा, सत्तेचाळीस आमचे प्राचार्य. आबांना मी मालगाडीवरून बोललो होतो. त्यांना वगळलं तर उद्या समोरच्या दारात कसा उभा राहू? प्राचार्यांना वगळलं तर उद्या कचेरीत कसा बसू? फक्त चार नावं. मी मनात म्हटलं, चार नावांनी काय होतंय.

आबा वर आले तेव्हा त्यांनी टोपी घेतली नाही, माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "पोरीला बोलव, प्रेमराज. पाच अठ्ठावन्न झाले." मी हसून त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली. लोकांना वाटलं आबा विनयाने नको म्हणताहेत, आणि टाळ्या पडल्या. मग प्राचार्य आले, त्यांनी उपरणं परत केलं, चष्मा पडला, तो शोधला. मग मी ओरडून म्हटलं, "विजेता संघ, खानदेश." मुली धावत वर आल्या. शेठनी करंडक उचलला. नूतनने हात पुढे केले. त्याच क्षणी समोरचा लाल दिवा विझला.

तिला ते कळलं नाही. तिने करंडक घेतला, शिकवल्याप्रमाणे वर उचलला आणि डाव्या कॅमेऱ्याकडे बघून हसली. कॅमेरामन तेव्हा भिंगावर काळं झाकण बसवत होता. म्हणजे माझ्या यादीतली पुढची टोपी त्याने परस्पर कॅमेऱ्यालाच घालून टाकली. नूतन तशीच उभी राहिली, हसत, दोन्ही हात वर, कोपराची माती सुकलेली. नवीनने हेडफोन काढला आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या काखेतला नारळ खाली पडला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"भाऊ, तू दिसना," अक्का म्हणाली. दिसना म्हणजे दिसलास. तिचा आवाज खुशीत होता. "आबा बी दिसनात. बठ्ठासन्या टोप्या दिसन्यात. आते आठे दुसरंच काहीतरी चालू शे. मी बठेलच शे. मन्ही आंडेर कव्हय दिसी?"

सगळ्यांच्या टोप्या दिसल्या, आता मुलगी कधी दिसेल, असं विचारत ती अजून बसून वाट बघत होती. तिला वाटत होतं, मुख्य गोष्ट पुढे यायची आहे. बावीस वर्षांत हजारो नावं माइकवर घेतलेला माणूस मी, बहिणीला दोन शब्द सांगू शकलो नाही. मी फोन कट केला. रेंज गेली असं तिला वाटलं असावं, कारण तिने पुन्हा दोनदा केला.

दुसऱ्या दिवशी उरलेले तीस जण येऊन गेले. त्यातल्या काहींनी टोपी माझ्या दारातच घेतली, काहींनी घेतली नाही. मला कशाचं काही वाटत नव्हतं. मी फक्त एकच ठरवलं होतं, करंडक घेऊन अक्काकडे जायचं. पण करंडक फिरता, तो समितीच्या ताब्यात. बाहेर न्यायला अर्ज हवा. अर्जात कारणाचा रकाना होता. मी लिहिलं, 'बहिणीला दाखवणे.' तिथला माणूस म्हणाला की असं कारण आमच्याकडे नाही. प्रदर्शन, मिरवणूक किंवा दुरुस्ती, यातलं एक निवडा. मी दुरुस्तीवर खूण केली. पुढे 'काय बिघडले आहे' असा रकाना होता. तो मी कोरा सोडला.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही दोंडाईचाला निघालो. नूतन, मी, आणि रुपचंद आबा. आबांना कुणी बोलावलं नव्हतं. ते पास घेऊन आधीच फलाटावर उभे होते. खिडकीची जागा त्यांनी करंडकाला दिली. अमळनेर गेलं, नरडाणा गेलं, नूतन बाहेर बघत बसली होती. मी तिला म्हटलं, बेटा, माझं चुकलं. ती म्हणाली, "मामा, मी उन्हात उभी होते ना, तेव्हा मला फक्त पाणी हवं होतं." मला रागावली असती तरी चाललं असतं.

गावात शिरलो आणि मी हबकलो. अक्काच्या दारासमोर मांडव. मांडवात कर्णा. टेबलावर पांढऱ्या टोप्यांची थप्पी, उपरणी, नारळ. आणि इस्त्रीच्या कपड्यांत सरपंच चिंधा नाना, हातात कागद. मी येणार म्हणून मी अक्काला कळवलं होतं, अक्काने गल्लीत सांगितलं होतं, आणि पुढचं नानांनी केलं होतं. गावाची पोरगी जिंकली, गाव गप्प कसं बसेल? नानांनी माझ्या हातात माइक दिला. टीव्हीवर झळकलेला माणूस असताना यादी दुसऱ्याने का वाचायची, असं त्यांचं म्हणणं होतं. मी कागद उघडला. चौतीस नावं होती. पहिलं माझं, दुसरं नानांचं स्वतःचं.

अक्का मांडवात खुर्चीवर बसली होती, पलस्तरचा पाय स्टुलावर. तिला वाचता येत नाही. तिने मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, या यादीमां नूतननं नाव शे का?"

मी वरपासून खालपर्यंत पाहिलं. सोसायटीचे चेअरमन होते, तलाठी होते, दूध डेअरीवाले होते, कर्णा देणारे होते. नूतन नव्हती. आणि तिथे, त्या मांडवात, भर दुपारी, मला एकदम उमगलं. माझ्या स्वतःच्या यादीतही ती नव्हती. सत्त्याहत्तर नावं. टँकरवाले, पेटीवाल्या बाई, काहीच न करणारे समोरचे डॉक्टर. जे खेळले त्यातलं एकही नाव नाही. पंधरा मुली, आणि मी चौदा मिनिटांचा हिशेब केला, नावं तीनदा तपासली, एका कार्यालयातून तपासून आणली, आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. ती माझी भाची होती.

मी माइकपाशी गेलो. कागद समोर धरला आणि वाचलं, "पहिला सत्कार. नूतन भिकन देसले. कर्णधार."

नाना माझ्याकडे वाकले. "भाऊ, हाई नाव यादीमां नही."

"शे," मी म्हटलं.

थप्पीतून टोपी उचलणारा हात मध्येच थांबला, कारण आमच्याकडे टोपी पुरुषाला, बायकांना खण-नारळ, आणि खण कुणी आणलाच नव्हता. मागून कुणीतरी म्हणालं की पोरीच्या डोक्यावर टोपी कशी घालायची. अक्काने हात लांब केला, टोपी घेतली, नूतनला खाली वाकायला लावलं आणि स्वतः ती तिच्या डोक्यावर बसवली. नीट, दोन्ही बाजूंनी ओढून. "घालू द्या," ती म्हणाली. "खेळनी ती."

मग नूतनने करंडक वर उचलला आणि सवयीने डावीकडे पाहिलं. डावीकडे अक्काच बसली होती. अक्का रडत नव्हती, ती नुसती बघत होती, पापणी न हलवता, परवा टीव्हीसमोर बसून जे बघायचं राहिलं होतं ते. रुपचंद आबांनी खिशातून घड्याळ काढलं, आणि न बघताच परत ठेवलं. माझं मात्र भान सुटलं, आणि मी माइकवर, कर्णा चालू असताना, ढसाढसा रडलो. ते चार गल्ल्यांपर्यंत ऐकू गेलं म्हणतात.

त्यानंतर यादी काही झाली नाही. करंडक एकदा हातात घेऊन बघायला सगळा मांडव उठला, पोरीबाळी आल्या, अक्काने आत चहा टाकायला सांगितला, आणि माइक कुणीतरी बंद केला. दुसऱ्या नावाची पाळीच आली नाही. निघताना मी चिंधा नानांना नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावरून पलीकडच्या लिंबाच्या झाडाकडे पाहिलं आणि ते गोठ्यात निघून गेले. त्यांचं नाव माझ्याकडून राहण्याची ही दुसरी वेळ. गाडीत मी हिशेब केला. मागच्या वेळेप्रमाणे अकरा वर्षं धरली, तर ते पुन्हा बोलतील तेव्हा मी चौसष्ट वर्षांचा असेन. तोवर साखर सांभाळली पाहिजे.